तांबड्या पेशीत केंद्रक नाही, तरी ती पेशी कशी? आणि रिपोर्टमधलं ‘एएस’ म्हणजे काय?

प्रश्न एका वडिलांचा आहे. मुलगी अकरावी सायन्सला. पुस्तकात लिहिलंय की पेशीचा सगळा कारभार केंद्रक बघतं, आणि पुढे असंही लिहिलंय की रक्तातल्या तांबड्या पेशीला केंद्रकच नसतं. मग ती जिवंत पेशी कशी म्हणायची? त्यातच कॉलेजातल्या सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार) तपासणीत मुलीचा रिपोर्ट ‘एएस’ आलाय, हिमोग्लोबिन 10.4 आहे. तिच्या पेशी वाकड्या आहेत का, आणि लोहाच्या गोळ्या द्यायच्या की नाही, असं त्यांनी विचारलंय.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, काम पूर्व विदर्भात, त्यामुळे यातला दुसरा प्रश्न माझ्या टेबलावर जवळपास रोज येतो. पण पहिला समजला की दुसऱ्याचं निम्मं उत्तर आपोआप मिळतं, म्हणून त्याच क्रमाने जातो.

पुस्तकातल्या आकृतीत एक गोल पेशी असते, मधोमध केंद्रक, बाजूला दोन-चार तंतुकणिका (ऊर्जा बनवणारे भाग), थोडी आंतर्द्रव्यजालिका, कोपऱ्यात गॉल्जी. अशी पेशी शरीरात शोधायला गेलात तर सापडणार नाही. ती आकृती म्हणजे भागांची नावं पाठ व्हावीत म्हणून केलेली यादी आहे. खऱ्या पेशीत हे भाग समसमान नसतात. जिचं जे काम, त्या कामाला लागणारा भाग तिच्यात भरमसाट वाढलेला असतो आणि बाकीचे नावापुरते. शुक्रजंतूच्या मधल्या भागात तंतुकणिका गच्च बसवलेल्या, कारण त्याला पोहायचंय. हाडाला जोडलेल्या स्नायूच्या एका तंतूत शेकडो केंद्रकं. कण्यापासून पायाच्या अंगठ्याकडे जाणाऱ्या चेतापेशीचा एकच धागा जवळजवळ मीटरभर लांब. आणि त्वचेचा सगळ्यात वरचा थर तर मेलेल्या पेशींचाच. त्या मेलेल्या असूनच आपलं काम चोख करतात.

मुलीला हे खरोखर दाखवायचं असेल तर अस्थिमज्जेची स्लाइड दाखवावी. छातीच्या किंवा कमरेच्या हाडातून मज्जेचा थेंब काढायचा, काचेवर पसरायचा, लीशमन रंग द्यायचा आणि तेलाचा थेंब टाकून शंभरच्या भिंगाखाली बघायचं. या रंगात आम्लधर्मी आरएनए निळं दिसतं आणि हिमोग्लोबिन गुलाबी. त्यामुळे पेशीत सध्या कशाचा जोर आहे ते रंगावरूनच कळतं. अँटिबॉडी बनवणारी प्लाझ्मा पेशी बघा: गडद निळं पेशीद्रव्य, केंद्रक एका बाजूला सरकलेलं आणि त्याच्या शेजारी एक फिकट पट्टा. तो फिकट पट्टा म्हणजे गॉल्जी. ज्याची आपण वहीत आकृती काढली ते इथे साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतं. मोठं का? तर ही पेशी दिवसभर प्रथिनं बनवून बाहेर पाठवते, आणि पाठवणीचं काम गॉल्जीचं.

त्याच स्लाइडवर तांबड्या पेशीची सगळी वाढ एका रांगेत वाचता येते. सुरुवातीची पेशी मोठी, केंद्रक मोठं आणि पेशीद्रव्य शाईसारखं निळं, कारण आत रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारे कण, ठासून भरलेले, हिमोग्लोबिन बनवायच्या तयारीत. पुढच्या टप्प्यात निळ्यात राखाडी छटा येते, मग गुलाबी वाढत जातं. पेशी विभागत जाते तशी लहान होते आणि केंद्रक आवळत आवळत काळा ठिपका होतं. शेवटी हा ठिपका पेशी चक्क बाहेर टाकते. शेजारी एक भक्षक पेशी बसलेलीच असते, ती तो गिळून टाकते. उरलेल्या तंतुकणिका आणि रायबोसोम पुढच्या एक-दोन दिवसांत आतल्या आत मोडीत निघतात. या मधल्या अवस्थेतल्या पेशीला आम्ही रेटिक्युलोसाइट म्हणतो. पहिल्या टप्प्यापासून इथपर्यंत यायला साधारण आठवडा लागतो, आणि निरोगी प्रौढाच्या मज्जेतून दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक तांबड्या पेशी तयार होऊन रक्तात येतात.

म्हणजे तांबड्या पेशीला केंद्रक नव्हतंच असं नाही. होतं, त्याच्याकडून हवं ते करून घेतलं, आणि मग टाकून दिलं. कोंबडीच्या किंवा बेडकाच्या तांबड्या पेशीत ते शेवटपर्यंत असतं. सस्तन प्राण्यांनी मात्र ते टाकायचा मार्ग धरला.

टाकायचं कशाला? एक तर जागा. प्रौढ तांबड्या पेशीच्या वजनाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग नुसतं हिमोग्लोबिन आहे. एका पेशीत त्याचे पंचवीस-सत्तावीस कोटी रेणू, आणि प्रत्येक रेणूत ऑक्सिजन धरणारे लोहाचे चार अणू. शिवाय तंतुकणिका ठेवल्या असत्या तर त्यांनी पोचवायला घेतलेला ऑक्सिजन वाटेतच वापरला असता. मग कुणी विचारेल, हिमोग्लोबिन सरळ रक्तद्रवातच मोकळं का सोडलं नाही? मोकळ्या हिमोग्लोबिनचे दोन तुकडे होतात आणि ते मूत्रपिंडातून गळून जातात. शिवाय ते रक्तवाहिन्यांना सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड खाऊन टाकतं. ते पिशवीत बंद असण्यातच शहाणपण आहे.

आणि या पिशवीची गंमत तिच्या आकारात आहे. तांबडी पेशी साडेसात-आठ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद, कडेला दोन-अडीच मायक्रॉन जाड आणि मधे दबलेली, जेमतेम एक मायक्रॉन. तिचं आकारमान सुमारे 90 फेम्टोलिटर, म्हणजे 90 घन मायक्रॉन. एवढ्याच आकारमानाचा गोळा केला तर त्याला शंभरेक चौरस मायक्रॉन आवरण पुरलं असतं, पण पेशीकडे आहे सुमारे 140. अर्धवट हवा भरलेला फुगा जसा बोटांत कसाही दाबता येतो तशी ही पेशी दबते, कारण आवरण जास्तीचं आहे. पाच-सहा मायक्रॉनच्या केशवाहिनीतून ती घडी होऊन जाते, प्लीहेतल्या मायक्रॉनभर रुंदीच्या फटींतूनसुद्धा स्वतःला ओढून पार करते, आणि बाहेर पडली की पुन्हा पहिल्यासारखी. आवरणाच्या आतून स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी असते, ती हा आकार सांभाळते. काही घराण्यांत ही जाळी किंवा तिची आवरणाशी असलेली जोडणी जन्मतःच कच्ची असते. मग आवरण थोडं थोडं तुटून जातं, पेशी गोळा होते, आणि गोळा झालेली पेशी प्लीहेच्या फटीत अडकून मरते.

आता जिवंतपणाबद्दल. केंद्रक नाही, तंतुकणिका नाहीत, पण ही पेशी निपचित पडलेली नसते. ती रक्तातली साखर आत घेते आणि ऑक्सिजनला हात न लावता तिचं लॅक्टेटपर्यंत विघटन करते. एका ग्लुकोजमागे निव्वळ दोन एटीपी, म्हणजे ऊर्जा पुरवणारे रेणू, मिळतात. तंतुकणिका असत्या तर तीसच्या आसपास मिळाले असते, पण हिला दोनच पुरतात. त्या ऊर्जेवर तिचे पंप चालतात: तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, अखंड. पंप थांबले तर पाणी आत शिरून पेशी फुगते आणि फुटते. याच साखरेच्या वाटेवर 2,3-बीपीजी नावाचा पदार्थ तयार होतो, तो हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सैल करतो, म्हणून ऊतींना ऑक्सिजन मिळतो. तेव्हा मुलीला सांगा, बिनधास्त जिवंत म्हण. फक्त ही पेशी विभागू शकत नाही आणि नवीन प्रथिन बनवू शकत नाही.

हे दुसरं मात्र महागात पडतं. मज्जेतून निघताना जेवढी प्रथिनं बरोबर घेतली, तेवढ्यावरच सगळं आयुष्य काढायचं. दर मिनिटाला साधारण एक फेरी धरली तर 120 दिवसांत पावणेदोन लाखांच्या घरात फेऱ्या होतात. विकरं, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, झिजतात, आवरण कमी होतं, दुरुस्ती नाही. शेवटी प्लीहेतल्या आणि यकृतातल्या भक्षक पेशी म्हाताऱ्या पेशीला ओळखून गिळतात. लोह काढून घेतलं जातं आणि परत मज्जेत जातं. हिमोग्लोबिनमधल्या लोह धरणाऱ्या ‘हीम’ या भागाचं जे उरतं त्यापासून पिवळं बिलिरुबिन बनतं. रोजच्या नव्या पेशींना वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह लागतं. आपण जेवणातून शोषतो ते एक-दोन मिलिग्रॅम, बाकी सगळं या जुन्या पेशींतून परत मिळालेलं. हा आकडा लक्षात असू द्या, गोळ्यांच्या प्रश्नाला लागेल.

या 120 दिवसांचा रोजच्या व्यवहारात किती ठिकाणी संबंध येतो ते लोकांना माहीत नसतं. मधुमेहाची एचबीए1सी तपासणी तीन महिन्यांची साखर सांगते ती काही जादू नाही, पेशी जितके दिवस रक्तात फिरली तितक्या दिवसांची साखर तिच्या हिमोग्लोबिनला चिकटलेली असते एवढंच. म्हणून ज्याच्या पेशी लवकर मरतात त्याचा हा आकडा खोटा कमी येतो. सिकलसेलच्या ‘एसएस’ (दोन्ही पालकांकडून सिकलचं जनुक आलेल्या) रुग्णाला एचबीए1सी छान आलं म्हणून औषध कमी करणं धोक्याचं आहे. रक्त चढवलं असेल तर तीन महिने हिमोग्लोबिनचा प्रकार ठरवणारी तपासणी करू नये, तेही याच कारणाने: नळीत रुग्णाच्या जोडीने रक्तदात्याच्याही पेशी असतात. तसंच जी6पीडी हे विकर. ज्यांच्यात ते जन्मतः कमी असतं, त्यांना मलेरियावरचं प्रायमाक्विन दिलं की आधी म्हाताऱ्या पेशी फुटतात, कारण त्यांच्याकडचा साठा केव्हाच संपत आलेला असतो आणि नवा बनवायची सोय नाही. मलेरिया आणि सिकलसेल आमच्या भागात एकाच गावात नांदतात, त्यामुळे ही गोष्ट आम्हाला विसरून चालत नाही.

आता सिकलसेल. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी पाहिल्याचं लिहिलं. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे, आणि काही वर्षांतच व्हर्नन इन्ग्रम यांनी तो नेमका कुठे आहे ते शोधलं. बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं असतात, त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. जनुकातलं एक अक्षर बदललेलं, बस्स. भारतात 1952 मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये हा प्रकार पहिल्यांदा नोंदवला गेला. महाराष्ट्रात तो गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर आणि तिकडे सातपुड्यात नंदुरबार, धुळे या पट्ट्यात जास्त. आदिवासींमध्ये आहे, विदर्भातल्या इतर अनेक समाजांतही आहे. ‘आमच्यात हे नसतं’ असं ठामपणे सांगणाऱ्यांचे रिपोर्टही मी पॉझिटिव्ह दिलेत.

एका अमिनो आम्लाने एवढं काय होतं? ग्लुटामिक आम्ल पाण्यात रमणारं, व्हॅलिन पाणी टाळणारं. ऑक्सिजन सुटला की हिमोग्लोबिनच्या रेणूवर एक खाच उघडी पडते, आणि शेजारच्या रेणूचं व्हॅलिन त्या खाचेत जाऊन बसतं. मग पुढचा रेणू, त्याच्यापुढचा. बघता बघता पेशीत कडक दोऱ्या वळल्या जातात आणि त्या आवरणाला आतून ताणतात. दबणारी पेशी ताठ होते. फुप्फुसात परत ऑक्सिजन मिळाला की दोऱ्या विरघळतात, पेशी गोल होते. पण दर वेळी आवरणातून पोटॅशियम आणि पाणी निसटतं, आणि काही फेऱ्यांनंतर पेशी विळ्याच्या आकारातच अडकून बसते. अशी पेशी 120 नव्हे, दहा-वीस दिवस जगते. म्हणून डोळे पिवळे, म्हणून रक्त कमी. ताठ पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात त्याची ती भयंकर हाडदुखी.

दोऱ्या किती वेगाने वळतात हे पेशीत हिमोग्लोबिन किती दाट आहे यावर ठरतं, आणि दाटपणा जरा वाढला तरी वेग कितीतरी पटींनी वाढतो. ‘एसएस’ रुग्णाला आम्ही एकसारखं पाणी प्या, उन्हात राबू नका म्हणून जे टोकतो, त्याच्यामागे हे गणित आहे. गर्भातलं हिमोग्लोबिन, म्हणजे ‘एफ’, या दोरीत सामील होत नाही. त्यामुळे बाळाला पहिले काही महिने त्रास नसतो, ‘एफ’ कमी होत गेलं की लक्षणं सुरू होतात. हायड्रॉक्सियुरिया हे औषध मुख्यतः हेच ‘एफ’ पुन्हा वाढवतं. 2023 च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेला क्रिस्परचा (जनुक कापून बदलण्याच्या तंत्राचा) उपचारही तेच करतो, फक्त रक्त बनवणाऱ्या मूळ पेशींच्या जनुकांत हात घालून. त्याचा खर्च मात्र आपल्याकडच्या कुठल्याही कुटुंबाच्या आवाक्यातला नाही.

स्लाइडवरची आणखी एक खूण सांगतो, कारण ती पहिल्या प्रश्नाशी जोडलेली आहे. केंद्रक बाहेर टाकताना कधी त्याचा बारीक तुकडा पेशीत राहून जातो. निरोगी प्लीहा फटीतून जाताना तो अलगद काढून घेते. सिकलसेलमध्ये प्लीहेचं काम बिघडलं की हे तुकडे पेशीत तसेच राहतात, जांभळे, गोल, टाचणीच्या डोक्याएवढे. त्यांना हॉवेल-जॉली बॉडी म्हणतात. ते दिसले की प्लीहा कामातून गेली असं समजायचं आणि न्युमोनियाच्या लसी, पेनिसिलिन यांची चौकशी करायची. आपल्याकडच्या रुग्णांत ‘एफ’ तुलनेने जास्त असल्याने प्लीहा बरीच वर्षं टिकते, पुष्कळदा वाढलेलीही असते. पण हाताला प्लीहा लागते म्हणून ती काम करतेच असं नाही.

आता तुमच्या मुलीचा रिपोर्ट. ‘एएस’ म्हणजे एका पालकाकडून नेहमीचं जनुक, दुसऱ्याकडून सिकलचं. तिच्या प्रत्येक तांबड्या पेशीत दोन्ही हिमोग्लोबिन असतं, आणि त्यात नेहमीचं ‘ए’ निम्म्याहून जास्त. त्यामुळे दोऱ्या वळायला लागणारी दाटी होत नाही. तिच्या पेशी वाकड्या नाहीत, सूक्ष्मदर्शकाखाली त्या तुमच्या-माझ्यासारख्याच दिसतील, आणि 120 दिवसच जगतील. याला आजार म्हणत नाहीत. अंगात पाणी नसताना जीव तोडून पळणं किंवा फार उंचावर जाणं अशा टोकाच्या वेळी काळजी घ्यावी, लघवीतून रक्त दिसलं तर डॉक्टरांना ‘एएस’ आहे हे सांगावं. खेळ, अभ्यास, नोकरी यावर काही बंधन नाही.

फक्त तो रिपोर्ट कोणत्या तपासणीवर दिलाय ते बघा. शिबिरात बहुतेक वेळा आधी सोल्युबिलिटी टेस्ट करतात: रसायनाच्या नळीत रक्ताचा थेंब टाकायचा, नळीमागे रेघा आखलेला कागद धरायचा, रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. ही चाचणी ‘एएस’ आणि ‘एसएस’ यांत फरक करू शकत नाही. तो इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी अशा, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीवर कळतो. कागदावर ‘ए’ आणि ‘एस’ यांचे टक्के छापलेले असतील तर रिपोर्ट पक्का. नसतील तर सरकारी दवाखान्यात एचपीएलसी करून घ्या. 1 जुलै 2023 ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, तेव्हापासून शून्य ते चाळीस वयाच्या लोकांची तपासणी त्यात होते.

मुलीला हे तुम्हा दोघांपैकी एकाकडून तरी आलंय, तेव्हा तुम्ही, तिची आई आणि भावंडं सगळ्यांनी तपासून घ्या. पुढे लग्नाच्या वेळी जोडीदारही ‘एएस’ निघाला तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता ‘एसएस’ बाळाची. जोडीदाराला बीटा थॅलेसेमियाचं (बीटा साखळी कमी बनण्याच्या आनुवंशिक विकाराचं) एक जनुक असेल तरी तितकीच शक्यता सिकल-थॅलेसेमियाची. जोडीदाराच्या हिमोग्लोबिनात असा कुठलाच दोष नसेल तर बाळ फार तर ‘एएस’ होईल. हे लपवण्यासारखं नाही, मुलीला आत्ताच नीट सांगा. ती अकरावी सायन्सला आहे, तिला तुमच्याआधी कळेल.

राहिलं 10.4. हे ‘एएस’मुळे नाही. ‘एएस’ने हिमोग्लोबिन कमी होत नाही, आणि ‘सिकल आहे म्हणून रक्त कमी’ असं म्हणून विषय संपवणारे डॉक्टरही भेटतात, तिथे अडून विचारा. या वयाच्या मुलींत सगळ्यात जास्त सापडणारं कारण म्हणजे लोहाची कमतरता. पाळीत रक्त जातं, म्हणजे जुन्या पेशींतून परत मिळणारं लोहच बाहेर जातं, आणि जेवणातले एक-दोन मिलिग्रॅम ती तूट भरून काढू शकत नाहीत. सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) कागदावर एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान, बघा. 80 च्या खाली असेल तर पेशी लहान आहेत, आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी, करून घ्या. फेरिटिन कमी असेल तर ‘एएस’ असली तरी लोहाच्या गोळ्या चालतात, द्यायलाच हव्यात. चहाबरोबर देऊ नका, लिंबू-पाण्याबरोबर द्या. आठ-दहा दिवसांत रेटिक्युलोसाइट वाढलेले दिसतील, महिन्याभरात हिमोग्लोबिन एक ग्रॅमने तरी वर यायला हवं, आणि ते नॉर्मल झाल्यावरही साठा भरण्यासाठी आणखी तीन महिने गोळ्या चालू ठेवायच्या. फेरिटिन चांगलं असूनही पेशी लहान असतील, किंवा नीट गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन हललं नाही, तर एचपीएलसीचा कागद पुन्हा काढून ‘ए’ आणि ‘एस’ यांत जास्त कोण ते बघायचं. ‘एएस’मध्ये ‘ए’ जास्त असतं. ‘एस’ जास्त निघालं, तर तो रिपोर्ट ‘एएस’चा नाही, सिकल-थॅलेसेमियाचा असू शकतो, आणि मग मुलीला रक्तविकारतज्ज्ञांनाच दाखवायला हवं.